खदानीचा परवाना संपतो, खड्डा मात्र गावाच्या नावावर राहतो

पाऊस लागून महिना झाला की तालुक्यातल्या बऱ्याच गावांत एकच चित्र दिसतं. रस्त्यासाठी मुरूम काढलेले, क्रशरसाठी डबर काढलेले जुने खड्डे पाण्यानं भरतात. लांबून बघितलं तर तळंच वाटतं. पाणी निळंशार, हलत नाही. शाळा सुटली की पोरं कपडे काठावर टाकून उतरतात, गुराखी म्हशी पाण्यावर नेतात, बाया गोधड्या धुवायला जातात. मग कधीतरी बातमी येते. गावाचं नाव बदलतं, पोराचं वय बदलतं, पण एक वाक्य कायम असतं : पाण्याचा अंदाज आला नाही.

या वाक्यात सगळी चूक बुडालेल्या पोराची ठरते. पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, विषय मिटतो. खड्डा कुणी खणला, परवाना कुणाच्या नावावर होता, काम संपल्यावर तो सुरक्षित करून देणं कुणाचं काम होतं, हे बहुतेक वेळा कुणी विचारतच नाही. आणि गंमत अशी, की या प्रश्नांची उत्तरं कायद्यात आहेत. तालुक्याच्या चर्चेत ती कधी येत नाहीत एवढंच.

खदान विहिरीपेक्षा वाईट का

गावातली पोरं विहिरीत पोहायला शिकतात, नदीत डुंबतात. मग खदानीतच का बुडतात? कारण खदानीला उतार नसतो. नदीत माणूस घोट्याभर, गुडघ्याभर, कमरेभर असं करत आत जातो. पोकलेननं खणलेल्या खड्ड्यात पहिलं पाऊल घोट्याभर पाण्यात आणि दुसरं पंधरा-वीस फुटांत. आत कुठं दगडाचा कप्पा अर्धवट सुटलेला, कुठं मधेच खोल चर. पाणी गढूळ असलं तर दिसत नाही, स्वच्छ असलं तर खोली कमी भासते. बाहेर यायला पायरी नाही. भिंतीला शेवाळ धरलेलं, मुरमाची कड हातात धरली की ढासळते. पोहता येणारा माणूससुद्धा कडेला येऊन दमतो आणि तिथंच बुडतो. म्हैस आत गेली तर तिला वर काढायला जेसीबी बोलवावा लागतो, आणि तो यायच्या आत तिचं काम झालेलं असतं.

पाणी नसतानाही धोका आहेच. मुरमाच्या उभ्या भिंती दर पावसाळ्यात थोड्या थोड्या कोसळतात. खड्डा बांधाला खेटून खणला असेल तर शेजाऱ्याचं रान दरवर्षी हात-दोन हात आत जातं. मोजणी आणली तरी हद्दीचा दगड खड्ड्याच्या तळाशी सापडायचा.

कायद्यात काय आहे

दगड, मुरूम, वाळू, माती ही गौण खनिजं. त्यांचे नियम करायचा अधिकार १९५७ च्या खाण व खनिज कायद्याच्या कलम १५ नं राज्याला दिला. त्यातूनच महाराष्ट्राचे गौण खनिज उत्खनन नियम, २०१३ आले. परवाना, रॉयल्टी, खाणपट्टा हे सगळं त्यावर चालतं. पण सुरक्षेचा कायदा वेगळा आणि तो केंद्राचा आहे. इथंच पहिली गल्लत होते.

१९५२ च्या खाण कायद्यात दगड-मुरमाच्या छोट्या उघड्या खाणींना बहुतेक तरतुदींतून सूट होती, पण तीन अटींवर. खोली सर्वांत उंच जागेपासून सर्वांत खोल जागेपर्यंत कुठंही ६ मीटरच्या वर नको, कोणत्याही दिवशी ५० पेक्षा जास्त माणसं कामाला नकोत, आणि सुरुंग लावलेला नको. तिन्ही अटी पाळल्या तरच सूट. त्या कायद्याची जागा आता २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेनं घेतली आहे, पण ही सूट आणि तिच्या अटी तिथंही तशाच ठेवल्या आहेत.

६ मीटर म्हणजे साधारण वीस फूट. आता क्रशरची कुठलीही खदान डोळ्यांसमोर आणावी. सुरुंगाशिवाय काळा पाषाण निघत नाही आणि खोली वीस फुटांवर थांबलेली फार थोड्या ठिकाणी दिसते. म्हणजे या खदानी ‘छोट्या’ राहत नाहीत. त्यांना खाण सुरक्षेचे पूर्ण नियम लागू होतात आणि त्यांच्यावर धनबादला मुख्यालय असलेल्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची नजर असायला हवी. तालुक्यात किती जणांना हे नाव तरी माहीत आहे?

या खाणींसाठी १९६१ चे विनियम आहेत. त्यात उघड्या खाणीचा वरचा काठ पक्क्या कुंपणानं बंदिस्त ठेवायला सांगितलं आहे. मुरूम, माती, गोटे अशा भुसभुशीत थरात भिंत उभी ठेवता येत नाही. एकतर उतार ४५ अंशांपेक्षा जास्त नको, नाहीतर दीड मीटरपेक्षा उंच नाहीत अशा पायऱ्या पाडायच्या आणि पायरीची रुंदी उंचीपेक्षा कमी ठेवायची नाही. खाण सोडून द्यायची असेल किंवा ६० दिवसांपेक्षा जास्त बंद ठेवायची असेल, तर किमान ३० दिवस आधी लेखी सूचना द्यायची. ती सुरक्षा महासंचालनालयाला तर द्यायचीच, जिल्हा दंडाधिकाऱ्यालाही द्यायची. थोडक्यात, खदान बंद होणार हे कलेक्टर ऑफिसला आधी कळायला हवं. प्रत्यक्षात खदान बंद झाल्याचं गावाला कळतं ते हायवा यायचे थांबले की.

तिसरा धागा पर्यावरणाचा. पाच हेक्टरच्या आतल्या खाणपट्ट्याला पर्यावरण मंजुरी लागत नव्हती, म्हणून मोठ्या जागेचे तुकडे करून परवाने घ्यायची पद्धत देशभर पडली होती. सर्वोच्च न्यायालयानं २७ फेब्रुवारी २०१२ ला हरियाणाच्या दीपक कुमार प्रकरणात ही पळवाट बंद केली आणि गौण खनिजाच्या छोट्या पट्ट्यांनाही मंजुरी बंधनकारक केली. पुढं ८ जानेवारी २०२० ला न्यायालयानं आणखी एक आदेश दिला, जो गुरं पाळणाऱ्या माणसानं लक्षात ठेवण्यासारखा आहे. खाणकाम संपल्यावर पट्टाधारकानं त्या जागेवर, आणि खाणीमुळे बिघडलेल्या आजूबाजूच्या जागेवरसुद्धा, पुन्हा गवत उगवेल अशी जमीन करून द्यायची. चारा, झाडझाडोरा, जनावरं तिथं परत यायला हवीत. ही अट खाणपट्ट्यात, पर्यावरण मंजुरीत आणि खाण आराखड्यात घालायला सांगितली गेली. तेव्हा सरन्यायाधीश होते नागपूरचे शरद बोबडे.

रस्त्याच्या भरावासाठी काढलेल्या साध्या मातीचा मामला आणखी वेगळा. २०२० मध्ये केंद्रानं रस्ते, पाइपलाइन अशा कामांच्या मातीला पर्यावरण मंजुरीतून सरसकट सूट दिली होती. ती २१ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं रद्द केली. त्यानंतर केंद्रानं अटी घालून नवी तरतूद आणली. तेव्हा ‘हायवेचं काम आहे, आम्हाला काही लागत नाही’ असं ठेकेदाराचा माणूस सांगत असेल तर त्याला कागद दाखवायला सांगावा.

घोडं कुठं पेंड खातं

कायदा आहे, आदेश आहेत. मग खड्डे उघडे का? याचं उत्तर साध्या हिशेबात आहे.

एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. बांधापासून बांधापर्यंत सरळ भिंतीनं वीस फूट खणलं तर ८ लाख ७१ हजार २०० घनफूट माल निघतो, म्हणजे ८,७१२ ब्रास. ब्रासला ६०० रुपये रॉयल्टी धरली तर ५२ लाखांच्या वर रक्कम नुसती रॉयल्टीची होते. हा खड्डा परत बुजवायचा म्हटला तर चार ब्रासच्या हायवाच्या २,१७८ खेपा लागतील. तेवढी माती आणणार कुठून? ती आणायला दुसरीकडं तेवढाच खड्डा पाडावा लागेल. म्हणून ‘खड्डा बुजवून द्या’ ही गावाची नेहमीची मागणी ऐकायला बरोबर वाटते, पण ती कुणी पुरी करणार नाही हे मागणाऱ्यालाही माहीत असतं, अधिकाऱ्यालाही. मागणी अशक्य असली की ती नाकारणं सोपं जातं.

मागायला पाहिजे तो उतार. पण उतार द्यायला जागा लागते. वीस फूट खोल खड्ड्याला ४५ अंशांचा उतार द्यायचा तर चारही बाजूंनी वीस-वीस फूट सोडावे लागतात. वर एक एकर तेवढंच ठेवलं तर तळ आत सरकतो आणि माल निघतो सुमारे ७,१५० ब्रास. म्हणजे दीड हजार ब्रासवर पाणी सोडावं लागतं. कोण सोडेल? पोकलेनवाला बांधाला खेटून सरळ भिंत उतरवतो, कारण शेवटचे दीड हजार ब्रास तिथंच असतात. आणि एकदा बांधापर्यंत सरळ खणलं की नंतर कितीही इच्छा झाली तरी उतार देता येत नाही. त्यासाठी शेजाऱ्याचं रान कापावं लागेल.

खदान नीट बंद होणार की नाही हे शेवटच्या दिवशी ठरत नाही. पहिल्या आठवड्यात, आखणी करताना पोकलेनवाल्यानं बांधापासून किती अंतर सोडलं यावर ठरतं. तेव्हा बघायला तिथं कुणी नसतं.

दुसरा हिशेब अनामत रकमेचा. लोखंड, बॉक्साइट, मँगनीज अशा मोठ्या खनिजांच्या खाणींना केंद्राचे २०१७ चे संवर्धन नियम लागू आहेत. खाण बंद करायच्या दोन वर्षं आधी अंतिम बंदीकरण आराखडा द्यावा लागतो. शिवाय हेक्टरी हमी रक्कम ठेवावी लागते. २०२१ मध्ये ती खाणीच्या वर्गानुसार हेक्टरी ५ लाख आणि ३ लाख केली गेली. वेळेत आराखडा दिला नाही तर ती जप्त करता येते. म्हणजे तिथं मालकाचा पैसा अडकलेला असतो. हे नियम गौण खनिजाला लागू नाहीत. दगड-मुरमाच्या खदानीत सरकार ब्रासचा हिशेब काटेकोर ठेवतं, ईटीएस मोजणी करून जादा उपसा पकडतं, जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत दंड लावतं. सगळं लक्ष बाहेर गेलेल्या मालावर. मागं राहिलेल्या खड्ड्याकडं बघायला त्या मोजणीत रकानाच नाही, असं म्हटलं तरी चालेल.

शेतकऱ्याची फसगत

खासगी रानातली गोष्ट तर वेगळीच. माळरानाचा एक तुकडा असतो, पीक येत नाही. ठेकेदाराचा माणूस येतो, म्हणतो, “अण्णा, मुरूम काढून घेतो, वर काळी माती टाकून रान सपाट करून देतो. नाहीतर फुकटात शेततळं होईल तुमचं.” पाचशेच्या स्टॅम्पवर संमतीपत्र होतं. त्यात किती ब्रासला किती पैसे हे लिहिलेलं असतं. सपाटीकरणाचं, शेततळ्याचं, कुंपणाचं एक अक्षर नसतं. ते सगळं तोंडी.

काम उरकलं की माणूस फोन उचलत नाही. वर पुढं कधी परवान्यापेक्षा जादा उपसा निघाला तर नोटीस जमीनमालकाच्या नावानं येते आणि दंडाचा बोजा सातबाऱ्यावर चढतो. मग सोसायटीचं कर्ज अडतं, खरेदीखत अडतं. एका नापीक तुकड्याचे पैसे खाल्ले म्हणून सगळ्या गटावर बोजा. खड्ड्यात उद्या कुणी बुडालं तर बोट पहिल्यांदा मालकाकडंच दाखवलं जाणार. ज्याच्या रानात खड्डा आहे त्या शेतकऱ्याला हे बहुतेक वेळा उशिरा कळतं.

आणि दुर्घटना झालीच, तर मदत कुठून येते हेही बघावं. शेतकरी किंवा त्याच्या घरातलं नियमात बसणारं माणूस बुडून गेलं तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख मिळतात. योजना चांगलीच आहे, घराला आधार होतो. पण तो पैसा सरकारी तिजोरीतला, म्हणजे लोकांचा. ज्यानं ८,७१२ ब्रास नेले त्याच्या खिशातून एक रुपया जात नाही.

ऑफिसा-ऑफिसांतली चेंडूफळी

तक्रार घेऊन गेलेल्या माणसाचा अनुभव ठरलेला. ग्राम महसूल अधिकारी म्हणतात तहसीलला द्या. तहसील म्हणतं परवाना संपला, आता आमच्या रेकॉर्डला चालू खाण नाही, खनिकर्म शाखेत विचारा. खनिकर्म शाखा सुरक्षा महासंचालनालयाकडं बोट दाखवते. प्रदूषण मंडळ धूळ आणि क्रशर बघतं, खड्डा बघत नाही. ग्रामपंचायत म्हणते जमीन खासगी आहे. प्रत्येकाचं म्हणणं अर्धं खरं असतं, म्हणून तर कुणाला धरता येत नाही.

या चेंडूफळीत एक दार मात्र सगळ्यांच्या जवळ आहे आणि तेच फारसं कुणी ठोठावत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२. जुन्या फौजदारी संहितेत हेच कलम १३३ होतं. रस्त्याला किंवा सार्वजनिक जागेला लागून असलेलं तळं, विहीर किंवा खोदलेला खड्डा लोकांना धोकादायक असेल तर त्याला कुंपण घालण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी काढू शकतात, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे प्रांत साहेबांच्या हातातलं काम. पोलिसांचा अहवाल पाहिजेच असं नाही, इतर माहितीवरूनही कारवाई सुरू होते. खदान शाळेच्या वाटेला, गाडीवाटेला, गायरानाला लागून असेल तर अर्जात या कलमाचं नाव घालून, खदानीचे फोटो, गट नंबर आणि रस्त्यापासूनचं अंतर लिहून द्यावं. ‘योग्य ती कारवाई व्हावी’ अशा अर्जाला ‘योग्य त्या ठिकाणी वर्ग’ असंच उत्तर येतं.

बोअरवेलची आठवण इथं येतेच. सोडून दिलेली बोअर जमिनीच्या पातळीपर्यंत माती, वाळू, दगडांनी बुजवायची, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २०१० चा आहे आणि देखरेखीची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यावर टाकलेली आहे. पोर बोअरमध्ये पडलं की देशभर टीव्ही लागतो, म्हणून सहा इंचाच्या भोकाला धनी सापडला. एकरभर खड्ड्याला अजून सापडलेला नाही.

कागद कुठं मिळतात

पर्यावरण मंजुरी मिळाली की तिची प्रत ग्रामपंचायतीला द्यायची आणि ती ३० दिवस लावून ठेवायची, अशी तरतूद आहे. ती दप्तरात असायला हवी. ग्रामसेवकाकडं मागून बघावी. नसेल तर परिवेश पोर्टलवर शोधता येते. मंजुरीच्या पत्रात मागच्या पानांवर अटी असतात, त्यात बंदीकरण, झाडं, गवत, कुंपण हे सापडतं. त्या अटी पाळल्या का, याचा अहवाल पट्टाधारकानं दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. हे अहवाल सार्वजनिक कागद आहेत. दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जात मंजुरीची प्रत, खाण आराखडा, शेवटची ईटीएस मोजणी आणि हे सहामाही अहवाल एवढं मागितलं तरी बरंच उघड होतं. अहवालच दिलेले नाहीत असं उत्तर आलं तर तेही उपयोगाचंच, ते लेखी हातात राहतं.

चालू खदान असेल तर गावाचा हात अजून वर आहे. प्रस्तावासोबत ग्रामपंचायतीचा ना हरकत ठराव बहुतेक वेळा मागितला जातो. तो मोघम देऊ नये. बांधापासून किती फूट सोडणार, उतार किती, गुरं-माणसं वर येतील असा रॅम्प कुठल्या बाजूला, वरची माती वेगळी कुठं रचणार, तारेचं कुंपण कधी, एवढं ठरावात लिहून घ्यावं. पेसाच्या गावांत तर गौण खनिजाच्या पट्ट्याला ग्रामसभेची शिफारस आधी लागतेच. खासगी रानवाल्यानंही याच पाच गोष्टी संमतीपत्रात घालाव्यात आणि शेवटचा हप्ता उतार काढून झाल्यावर घ्यायचा नाही, तर त्याआधी रॉयल्टीच्या चलनांच्या प्रतीही हातात घ्याव्यात. जादा उपसा कुणी केला हे उद्या सिद्ध करायला तेच कागद कामी येतात.

खड्ड्याचं काही होऊ शकतं का

होऊ शकतं. बुलढाणा जिल्ह्यात महामार्गाच्या कामाला लागणारी माती-मुरूम तळी, नाले, बंधारे खोल करून काढली गेली. रस्त्याला माल मिळाला, गावाला पाणीसाठा. बुलढाणा पॅटर्न म्हणून त्याचं नाव झालं. फरक एवढाच, की तिथं खणायच्या आधी जागा पाण्यासाठी निवडली होती. जुन्या खदानीतही एका बाजूची भिंत उतरवून रॅम्प केला, काठावर चर काढून बाहेरचं गढूळ पाणी अडवलं, कुंपण घातलं, तर मत्स्यपालन करता येतं, उन्हाळ्यात टँकर भरता येतो. यासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी मागता येतो. खाणपट्टाधारक रॉयल्टीसोबत जे वेगळे पैसे भरतात त्यातूनच हा निधी उभा राहतो, आणि तो खाणबाधित गावांसाठीच आहे.

एक गोष्ट मात्र होऊ देऊ नये. शहराजवळच्या गावांत रिकामी खदान दिसली की रात्री कचऱ्याच्या गाड्या येतात. कुठं कारखान्याचा गाळ, कुठं वीज केंद्राची राख. राखेनं सखल जागा भरायला प्रदूषण नियंत्रण मंडळाची आधी परवानगी लागते. खदानीचा तळ बहुतेक वेळा आजूबाजूच्या विहिरींच्या झऱ्यांच्या पातळीवर असतो. तिथं टाकलेलं घाण पाणी दुसऱ्या बाजूला पिण्याच्या विहिरीत निघतं, आणि ते परत काढता येत नाही.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेला विषयपत्रिकेत हा एक विषय घालता येईल : गावच्या शिवारातल्या सगळ्या चालू आणि बंद खदानींची यादी. गट नंबर, खणल्याचं वर्ष, परवानाधारकाचं नाव, खोली, रस्त्यापासून अंतर, कुंपण आहे की नाही. यादीला ठरावाचा क्रमांक पडला आणि प्रत प्रांत, तहसीलदार, खनिकर्म अधिकारी आणि पोलीस ठाण्यात पोच घेऊन दिली, तर पुढं काही घडल्यावर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ असं यांपैकी कुणाला म्हणता येणार नाही. निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अकस्मात मृत्यूच्या नोंदीवर प्रकरण थांबू नये असं वाटत असेल, तर तपास अधिकाऱ्यासमोर ठेवायला ही पोच लागेल.